राजा नाही, लिपी नाही, तरी अर्ध्या युरोपभर! स्लाव लोकांची गोष्ट

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या सगळ्या स्लाविक भाषा. आज त्या कोट्यवधी लोक बोलतात. पण 1500 वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यांच्या भाषेला लिपी मिळाली थेट नवव्या शतकात.

मग आपल्याला माहिती मिळते कुठून? आधी शत्रूंकडून. सहाव्या शतकात स्लाव टोळ्या डॅन्यूब नदी ओलांडून बायझंटाईन साम्राज्यात घुसायला लागल्या. तिथला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, हे लोक एकमेकांपासून लांब लांब, साध्याशा झोपड्यांत राहतात आणि सारखी जागा बदलतात. त्यांच्यावर कुणा एकाची सत्ता नाही, निर्णय सगळे मिळून घेतात. विजेच्या देवाला बैल बळी देतात, नद्यांनाही पुजतात.

या झोपड्या उत्खननात सापडल्यात. चौकोनी, अर्ध्या जमिनीत खणलेलं घर, कोपऱ्यात दगडांची भट्टी. त्याच भट्टीवर स्वयंपाक, तिचीच ऊब. भांडी हाताने घडवलेली, नक्षी नाही. धान्य म्हणजे भगरीसारखे बारीक दाणे. दिसायला गरिबी, पण फायदा बघा: असं घर सोडून पुढे जायचं, नवं खणायचं, की संसार पुन्हा सुरू!

आणि खरंच संसारच निघाले होते. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार त्यांचं मूळ आजच्या दक्षिण बेलारूस ते मध्य युक्रेनच्या पट्ट्यात आहे. तिथून नुसते लढवय्ये नाही, तर बायकामुलांसह कुटुंबं निघाली. पोलंड आणि पूर्व जर्मनीत तर 80 टक्क्यांहून जास्त वंशवारसा बदलला.

भाषाही पुरावा देते. मधाला ते ‘मेद’ म्हणतात आणि अस्वलाला ‘मेदवेद’, म्हणजे मध खाणारा. आपला ‘मध’ आणि त्यांचा ‘मेद’ एकाच जुन्या शब्दापासून आलेत.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. सन 600 च्या आसपासच्या एका बायझंटाईन युद्धग्रंथात लिहिलंय की स्लाव आपल्या कैद्यांना कायमचं गुलाम ठेवत नाहीत. ठरावीक काळानंतर पैसे भरून घरी जा, नाहीतर आमच्यातच मोकळे आणि मित्र म्हणून राहा. हे शत्रूने लिहिलंय, हे लक्षात घ्या! पुढे मध्ययुगात याच लोकांना इतक्या मोठ्या प्रमाणात पकडून विकलं गेलं, की त्यांच्या नावावरूनच इंग्रजीत गुलामासाठी ‘स्लेव्ह’ हा शब्द आला. आणि त्यांचं स्वतःचं नाव? बरेच अभ्यासक ते ‘स्लोवो’शी जोडतात. स्लोवो म्हणजे शब्द. म्हणजे स्लाव कोण, तर आपली भाषा बोलणारे.