विश्लेषण : गाडीत वारंवार तोच बिघाड, कंपनी मात्र ऐकेना! ऑस्ट्रेलियातील फोर्डच्या ग्राहकांनी काय केले?

सिग्नल सुटतो, गाडी पुढे सरकते आणि थरथरते. सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती होते, काही दिवसांनी पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या हजारो ग्राहकांनी हा फेरा अनुभवला. त्यांच्यापैकी अनेकांना मिळालेले उत्तर भारतीय गाडीमालकांनाही ओळखीचे वाटेल : दोष गाडीत नाही, तुमच्या चालवण्यात आहे. एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तो खराब गिअरबॉक्स बनवल्याबद्दल नव्हता, तर तक्रारदारांना दिलेल्या वागणुकीबद्दल होता.

बिघाड नेमका कोणता?

फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमध्ये ‘पॉवरशिफ्ट’ हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्यात दोन क्लच असतात. एक १, ३, ५ या गिअरसाठी, दुसरा २, ४, ६ साठी. हे क्लच ‘ड्राय’ म्हणजे तेलाशिवाय चालणारे होते. शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर आले, की पकड बिघडते आणि गाडी थरथरते. काही गाड्यांत गिअरबॉक्सचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्येही दोष होता. त्यामुळे चालत्या गाडीची ताकद अचानक जाण्याचा धोका होता. ऑस्ट्रेलियात अशा सुमारे ७० हजार गाड्या विकल्या गेल्या.

कंपनीचे काय चुकले?

थरथर हे गिअरबॉक्समधील दोषाचे लक्षण आहे, याची कंपनीला कल्पना होती. तरीही अनेक ग्राहकांना त्यांच्याच ड्रायव्हिंगचा दोष सांगण्यात आला. वारंवार दुरुस्ती होऊनही बहुतेकांना पैसे परत किंवा मोफत बदली गाडी नाकारली गेली. दुसरी गाडी हवी असेल तर वर पैसे भरा, असा पर्याय पुढे केला गेला. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये कोर्टात धाव घेतली. मे २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळातील ही वागणूक विवेकशून्य होती, असे कोर्टाने जाहीर केले. हा आदेश कंपनीच्या संमतीनेच झाला.

ग्राहकांच्या पदरात काय पडले?

जुन्या तक्रारींची स्वतंत्र व्यक्तीकडून फेरतपासणी करण्याची हमी कंपनीला द्यावी लागली. शिवाय गाडीमालकांनी एकत्र येऊन सामूहिक दावा केला होता. जून २०२१ मध्ये फेडरल कोर्टाने या गाड्या कायद्याला अपेक्षित दर्जाच्या नव्हत्या, असा निष्कर्ष काढला. मात्र नुकसानभरपाई कशी मोजायची, हा वाद २०२४ मध्ये देशातील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. म्हणजे विजय मिळाला, पण झटपट नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सची इकोस्पोर्ट भारतातही विकली गेली. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात गाडीत दोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क केवळ ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो. एकच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करू शकतात.

मात्र नवी गाडी मिळेलच असे नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात क्लचमधील दोषासाठी संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग बदलण्याची हमी आहे, संपूर्ण गाडी बदलण्याची नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

सरकार रिकॉलची सक्ती करू शकते का?

होय. मोटार वाहन कायद्यातील कलम ११०-अ नुसार चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका असणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, की हा मार्ग खुला होतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात. पण निव्वळ आवाज किंवा गैरसोय असेल तर हा मार्ग उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा ग्राहक आयोगच गाठावा लागतो.

गाडीमालकाने काय जपून ठेवावे?

प्रत्येक फेरीचे जॉब कार्ड. त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर सही करू नये. गाडी देताना ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला, तर तो कागदही ठेवावा. तारीख, किलोमीटर आणि बिघाडाचा व्हिडिओ यांची नोंद असावी. कंपनीला लेखी ई-मेल करावा, कारण फोनवरचे आश्वासन पुढे सिद्ध करणे कठीण असते. त्याच मॉडेलचे आणखी मालक शोधावेत. ड्रायव्हिंगचा दोष हे उत्तर एका ग्राहकाला देता येते. शंभर जणांच्या जॉब कार्डवर तोच बिघाड नोंदलेला असेल, तर ते उत्तर टिकवणे कंपनीला अवघड जाते.