काळा डाग, मूळव्याध आणि हातातून जाणारे महिने



मासिक बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की बीपी, शुगर, रक्त कमी असणं यावर आपण मोकळेपणाने बोलतो. पण संडासच्या जागी किंवा मायांगात काही झालं तर कुणीच तोंड उघडत नाही. म्हणून या वेळी अशाच झाकलेल्या जागी होणाऱ्या एका कर्करोगाबद्दल लिहिते. नाव जरा अवघड आहे, म्यूकोसल मेलॅनोमा.

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. गालाच्या आतून जीभ फिरवली की जी ओली, मऊ त्वचा लागते, तिच्यातही त्या असतात. नाकाच्या आत, गुदद्वारात, योनीतही असतात. या पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागल्या की हा आजार होतो. उन्हात काम केल्याने तो होत नाही, एकमेकींच्या ताटात जेवल्यानेही होत नाही. नेमकं कारण डॉक्टरांनाही अजून सापडलेलं नाही. आजार दुर्मिळ आहे, त्यामुळे प्रत्येक डाग बघून घाबरू नका.

मग लिहायचं कशाला? कारण तो फार कडक आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदीत बाहेरच्या कातडीचा मेलॅनोमा झालेल्या १०० पैकी सुमारे ८० जण पाच वर्षांनंतर हयात होते. आतल्या त्वचेचा झालेल्यांपैकी फक्त २५.

कोण वाचतं, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सापडला तेव्हा तो कुठवर पोचला होता. जागच्या जागी असेल तर आशा जास्त. मानेतल्या किंवा जांघेतल्या गाठींत उतरला असेल तर कमी, आणि फुप्फुस-लिव्हरपर्यंत गेला असेल तर फारच कमी. किती खोल रुतलाय, यानेही फरक पडतो. जागेचंही आहे. नाका-तोंडातला त्यातल्या त्यात लवकर दिसतो, गुदद्वारातला आणि योनीतला उशिरा कळतो. मग येतं ऑपरेशन. गाठ भोवतीच्या चांगल्या भागासकट पूर्ण निघाली पाहिजे, कड शिल्लक राहिली तर पुन्हा उगवते. शेक, म्हणजे रेडिएशन, दिल्याने त्याच जागी परत येणं कमी होतं, पण एकट्या शेकावर भागत नाही. अलीकडे इम्युनोथेरपीची औषधं आलीत. काहींना चांगला गुण येतो, पण ती महाग आहेत.

यातलं आपल्या हातात काय आहे? जागा आपण ठरवत नाही, औषधही नाही. उशीर तेवढा आपल्या हातात आहे, आणि उशीर कसा होतो तो बघा. मिश्री लावून हिरड्या आधीच काळ्या पडलेल्या असतात, मग टाळूवरचा किंवा वरच्या हिरडीवरचा नवा काळा डाग दिसणार कसा? (मिश्रीने हा आजार होतो असं सिद्ध नाही, पण तोंडाचा नेहमीचा कर्करोग नक्की होतो, तेव्हा मिश्रीला सूट नाही.) संडासातून रक्त गेलं की आपण स्वतःच ठरवतो, मूळव्याध आहे. एसटी स्टँडजवळ ‘बिना ऑपरेशन मूळव्याध’च्या पाट्या असतातच, तिथे चार-सहा महिने जातात. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं तर ‘उष्णता असेल’. एकाच नाकपुडीतून सारखं रक्त आलं तरी उष्णताच. शिवाय हा डाग दर वेळी काळाच असतो असं नाही, कधी तो नुसता लालसर मांसासारखा दिसतो.

लपलेल्या जागेचा कर्करोग लवकर शोधला तर जीव वाचतात, याचा पुरावा लातूरच्या शेजारीच आहे. आजार वेगळा होता, गर्भपिशवीच्या तोंडाचा. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, एका गटाची कुठलीच झाली नाही. आठ वर्षांत पहिल्या गटात या कर्करोगाने ३४ जणी गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. (त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवलं हे मला आजही पटत नाही. त्यावर पुढे बरीच टीकाही झाली.) म्यूकोसल मेलॅनोमासाठी अशी गावोगावी करायची तपासणी नाही. इथे लक्षण ओळखणारी बाई आणि तिला घेऊन जाणारी मैत्रीण, एवढंच.

म्हणून दोन-तीन आठवड्यांत न जाणारा डाग, गाठ, जखम किंवा रक्त असेल तर आधी पीएचसी, तिथून नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय नाहीतर लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ‘मूळव्याध आहे’ असं कुणी म्हटलं तरी आतून बोटाने तपासून घ्यायला सांगा, लाजू नका, लेडी डॉक्टर मागायचा हक्क आहे. कुठलीही गाठ काढली तर तो तुकडा लॅबला पाठवलाय का ते विचारा आणि रिपोर्टचा कागद जपून ठेवा. पुढचा डॉक्टर पहिला तोच मागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, केमो आणि शेक बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा. गाडीभाड्याला अडत असेल तर गटातून अंतर्गत कर्ज उचला. बियाण्याला देतो तसंच यालाही देता येतं, ठराव त्याच बैठकीत लिहून घ्या.