एक नंबरचा सिलिंडर नेमका कुठे?

‘एक नंबरचा सिलिंडर म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कुणी पडताळून पाहत नाही. अमेरिकन पिकअपच्या व्ही-एट इंजिनांत काहींना हे लागू पडतं, काहींना अजिबात नाही. आणि तेवढ्यापायी लोक धडधाकट कॉइल बदलत बसतात.

शेव्हर्ले सिल्व्हराडोचं 5.3 लिटरचं इंजिन घ्या. डावीकडे, पुढून मागे 1, 3, 5, 7. उजवीकडे 2, 4, 6, 8. रॅमच्या 5.7 लिटर हेमीतही तसंच. फोर्ड एफ-150च्या 5.4 लिटरमध्ये मात्र उजवीकडे 1 ते 4, डावीकडे 5 ते 8. आता स्कॅनरवर पी0303 आला, म्हणजे तीन नंबर मिसिंग मारतोय. शेव्हर्लेत तो डावीकडचा दुसरा, फोर्डमध्ये उजवीकडचा तिसरा. शेव्हर्लेचा हिशेब फोर्डला लावलात, तर तुम्ही सहा नंबर खोलणार. त्यातून 2004 ते 2007च्या तीन-व्हॉल्व्ह 5.4 इंजिनात प्लग काढताना त्याचा खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राहतो. हा त्रास इतका होता की तो तुकडा कसा काढायचा, याचं पत्रक फोर्डने तंत्रज्ञांसाठी काढलं. एक दुखणं शोधताना दुसरं ओढवून घ्यायचं कशाला?

डावं-उजवं सीटवर बसून ठरवायचं, बॉनेटसमोर उभं राहून नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, अमेरिकेत डावीकडे. म्हणून तिथली माहिती वाचताना ‘ड्रायव्हर साइड’ हा शब्दच सोडून द्या.

खूण हवी असेल तर वरून नीट बघा. समोरासमोरचे दोन कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर शेजारी-शेजारी बसतात, म्हणून एक बाजू दुसरीपेक्षा किंचित पुढे असते. वरच्या तिन्ही इंजिनांत एक नंबर त्या पुढे आलेल्या बाजूला आहे. तरी हात घालण्याआधी त्याच इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली आकृती बघाच.

फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडरांची जागा नव्हे. फोर्डच्या याच इंजिनाची ऑर्डर 1-3-7-2-6-5-4-8 आहे. तिसरी ठिणगी सात नंबरला पडते, पण पी0303 तीन नंबरबद्दलच बोलतो.

‘बँक 1’ म्हणजे ड्रायव्हरची बाजू, हेही चूक. ज्या बाजूला एक नंबर, ती बँक 1. या फोर्डमध्ये ती उजवीकडची.

आणि मिसिंगचा कोड आला म्हणजे कॉइल गेली, असं नाही. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यातलं काहीही असू शकतं. तीन नंबरची कॉइल दोन नंबरला लावा, दोनची तीनला, कोड पुसा आणि गाडी चालवा. पी0302 आला तर दोष कॉइलचा. पुन्हा पी0303च आला तर नव्या कॉइलवर पैसे घालू नका. आधी प्लग तपासा.