जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला? इंजिन उघडण्याआधी कारण असं शोधा

पोलादपूर सोडून तुम्ही आंबेनळी घाट चढताय. गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी, इंजिन चांगलंच तापलेलं. एका वळणावर वेग कमी केला आणि डॅशबोर्डवर झारीसारखं लाल चिन्ह लुकलुकलं. रेस दिली, तर गेलं. "रेस दिल्यावर जातोय ना, मग चालतंय," असं म्हणून बरेच जण पुढे जातात. चूक इथेच होते.

दिवा नेमकं काय सांगतो?

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. बहुतेक गाड्यांत दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो लागतो. म्हणजे दिवा दिसेपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं.

पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो अरुंद वाटेमुळे. नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी जोरात उडतं, तसंच. बेअरिंग झिजून फट वाढली, की ते बोट सैल झालं समजा. त्यात तापलेलं ऑइल पातळ होतं आणि आयडलिंगला पंप हळू फिरतो. म्हणून दिवा आधी तापलेल्या इंजिनला आणि कमी आरपीएमवर दिसतो.

घाटात दिवा लागला तर

सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि इंजिन बंद करा. "खाली पोलादपूरपर्यंत इंजिन बंद करून न्यूट्रलवर जाऊ" हा विचार करूच नका. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबलं की संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. टोइंगचा खर्च परवडला, पण हे नको.

तपासणी या क्रमाने करा

१. लेव्हल: सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. चढावर उभ्या गाडीत लेव्हल चुकीची दिसते. ऑइल कमी असेल तर चढावर आणि वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो.

२. ऑइलची अवस्था: पेट्रोलचा वास येतोय? ऑइल पातळ झालंय. दुधाच्या चहासारखं दिसतंय? आत पाणी गेलंय. अशा ऑइलवर इंजिन चालू करू नका.

३. ग्रेड आणि फिल्टर: गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असताना पातळ ग्रेड भरलं असेल, तर तापल्यावर दाब कमी येतो. फिल्टर शेवटचा कधी बदलला तेही आठवा.

४. चेंबर: खाली वाकून बघा. मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांत किंवा दगडावर चेंबर आपटून आत दबलं असेल, तर आतली गाळणी अडते.

५. स्विच आणि वायर: चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी दिवा लागलाच पाहिजे. नसेल तर बल्ब, स्विच किंवा वायर बघा. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून स्विचची वायर काढा. दिवा तरीही जळत राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असू शकते.

खरा निकाल: मेकॅनिकल गेज

स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला मेकॅनिकला सांगा. आधी थंड इंजिनवर आणि मग पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला आणि ३००० आरपीएमला रीडिंग घ्या. तुमच्या मॉडेलचे आकडे पुस्तकात बघा. ढोबळ हिशेब म्हणजे तापलेल्या इंजिनला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार.

- गेजवर दाब ठीक, दिवा मात्र लागतो: स्विच बदला, काम संपलं.
- थंड असताना चांगला, तापल्यावर पडतो: ऑइल पातळ किंवा बेअरिंग झिजलेली. खालून ठकठक आवाज येत असेल तर बेअरिंगवर संशय जास्त.
- थंड, गरम, दोन्ही वेळी कमी: गाळणी, पंप किंवा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह.

चेंबर उतरवून गाळणी साफ करणं हे इंजिन उघडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. म्हणून गेज न लावता कोणी "इंजिनचं काम निघालं" म्हणालं, तर आधी रीडिंग मागा.

जाड ऑइल घातलं की दिवा कधीकधी जातो, पण झीज तिथेच राहते. गाडी विकणारेही हीच युक्ती करतात. म्हणून जुनी गाडी घेताना ती वीस-पंचवीस मिनिटं पळवा आणि तापलेल्या इंजिनला आयडलिंगवर दिवा बघा.

महाडकरांनी आणखी एक गोष्ट बघावी

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरात सावित्री आणि गांधारीचं पाणी शिरलं. पाण्यात बुडालेल्या गाडीचं ऑइल, फिल्टर न बदलता आणि चेंबर साफ न करता इंजिन फिरवलं असेल, तर गाळाने बेअरिंग घासलेली असू शकते. आजूबाजूची जुनी गाडी घेताना "पुरात होती का?" हे स्पष्ट विचारा आणि डिपस्टिकबरोबर ऑइल भरायचं झाकणही उघडून आतून बघा.