ब्रेकची चुगली

जमिनीवर काळ्या रेषा चार हव्या होत्या. उमटल्या दोन.

परीक्षक अजून वहीत मान घालून होते. तेवढ्यात दोरीच्या पलीकडे उकिडवा बसलेला एक पोरगा म्हणाला, “मागचे दोन्ही झोपलेत रे तुमचे.” पुण्याच्या टीमचा होता तो. आमच्या ड्रायव्हरने हेल्मेट काढायच्या आत त्याने आमचा निकाल लावून टाकला. तो बरोबर होता, हे जास्त झोंबलं.

जागा पिथमपूर, इंदूरजवळ. स्पर्धा बाहा. 2007 पासून देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं स्वतःच्या हातांनी बनवलेली एकसीटर, चिखला-दगडांतून पळणारी गाडी घेऊन तिथे जमायला लागली. मी पुसदचा, शिकायला विदर्भातल्याच एका कॉलेजात. आमच्या टीममध्ये आम्ही तिघं पुसद तालुक्यातले. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अर्धी गाडी आमच्या गावी आली आणि तिचे ब्रेक तिथेच बसले. या किश्शाचं मूळ त्या सुट्टीत आहे.

बाहात तेव्हा इंजिन सगळ्यांना एकच असायचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दहा हॉर्सपॉवरचं. त्याला हात लावायचा नाही. म्हणजे ज्याची त्याची हुशारी दिसणार ती वजनात, सस्पेन्शनमध्ये, गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये. पहिल्या तीन गोष्टी लपवता येतात. पिटमध्ये प्रत्येक टीमच्या गाडीवर चादर असायची, आणि कुणी दुसऱ्या कॉलेजचा टी-शर्ट जवळ आला की गप्पा आपोआप हवापाण्यावर जायच्या. ब्रेक मात्र झाकता येत नाही. तो जमिनीवर रेषा काढतो, वास सोडतो, डिस्कचा रंग बदलतो. आमच्याकडे शंकरपटात बैलांची जोडी पळून आली की समोरच्या पार्टीची जुनी माणसं घड्याळाकडे बघत नाहीत, बैलांच्या बरगड्या बघतात. दम कुठे लागलाय ते बरगडी सांगते. गाडीची बरगडी म्हणजे ब्रेक.

तर पुसद.

आदल्या वर्षीच्या गाडीला मागे मारुती 800 चे ड्रम होते आणि मारुतीचाच जोड मास्टर सिलिंडर. चिखल आत गेला की ड्रमचे लायनर साबणासारखे गुळगुळीत व्हायचे. म्हणून ठरलं, या वेळी चारही चाकांना डिस्क. अकोल्याच्या भंगार बाजारातून मोटरसायकलींच्या डिस्क आणि कॅलिपर उचलले. पुढच्या कॅलिपरवर ‘बायब्रे’ लिहिलेलं. पुण्याची टीम पिटमध्ये “आमचे ब्रेम्बोचे आहेत” असं सांगत फिरायची, तेव्हा आम्हाला दबल्यासारखं व्हायचं. मग कुणीतरी सांगितलं की बायब्रे हे ब्रेम्बोच्याच घरचं नाव, लहान-मध्यम मोटरसायकलींसाठीचं, आणि चाकणलाच बनतं. ज्या इटालियन कंपनीने 1975 पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक दिले, तिचाच माल आम्ही भंगारातून किलोच्या भावाने आणला होता. त्या दिवसापासून आम्हीही “ब्रेम्बो” म्हणायला लागलो.

जोड सिलिंडर काढून दोन वेगळे सिलिंडर लावले, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. मध्ये बॅलन्स बार, म्हणजे पायाचा जोर पुढे किती आणि मागे किती जाईल ते स्क्रू फिरवून ठरवायचं. आणि इथे आमच्यातल्या एका विद्वानाने सल्ला दिला की मोठा सिलिंडर घाल, ब्रेक जबरदस्त लागेल. 5/8 इंची काढून पाऊण इंची घातला. पॅडल दगडासारखं कडक झालं. आम्ही खूश.

वाशीम रोडच्या एका गॅरेजात चाचा होते. ट्रकचे ब्रेक हे त्यांचं आयुष्य. आमच्याकडचा खंडाळा घाट उतरून आलेला ट्रक दारात उभा राहिला की ड्रायव्हर उतरायच्या आधी ते सांगायचे की हा गडी न्यूट्रलमध्ये उतरला की गिअरात. वासावरून. आम्ही मोठ्या ऐटीत गाडी दाखवली. चाचांनी पॅडलवर पाय ठेवला, दोनदा दाबला आणि चाक हाताने फिरवलं.

“पॅडल कडक म्हंजे ब्रेक जबर, असं कोनं सांगतलं तुले?”

आम्ही गप्प.

“लुगाईच्या पायानं दाबून पाय. थांबते का?”

संध्याकाळी कॅल्क्युलेटर काढला. सिलिंडर मोठा झाला की त्याच्या पिस्टनचं तोंड मोठं होतं, आणि तोच पायाचा जोर जास्त जागेवर पसरतो. 5/8 वरून पाऊण इंचावर गेलं की तोंड 1.44 पट. म्हणजे तेवढ्याच जोरात ऑइलचा दाब सुमारे तीस टक्क्यांनी कमी! पॅडल कडक लागतं, कारण ते कमी अंतर जातं. आम्ही ब्रेक वाढवायला गेलो आणि तीस टक्के घालवून बसलो. तीन वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्या आठ जणांना हे चाचांच्या एका पायाने कळलं.

चाचांचा दुसरा धडा ऑइलचा. आमच्याकडे ब्रेक ऑइलची अर्धी बाटली होती, पावसाळ्यात उघडलेली. त्यांनी ती सरळ बाजूला सारली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट 4 ऑइल कोरं असताना 230 अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की 155 वर येतं. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. चाकापर्यंत जोर पोचतच नाही. घाटात “ब्रेक फेल” म्हणून ज्या बातम्या येतात त्यातल्या कित्येकांत काही तुटलेलं नसतं, हे मला तिथे समजलं. सिलिंडर परत 5/8 चा झाला, बाटली नवी आली, गाडी वाशीम-अकोला करत टेम्पोतून निघाली.

आता परत त्या दोन रेषांकडे.

ब्रेक टेस्टचा नियम साधा आणि निर्दय. थोडं अंतर वेग घ्यायचा, खुणेवर कचकन पाय दाबायचा, चारही चाकं एकदम अडकली पाहिजेत आणि गाडी सरळ राहिली पाहिजे. पास झालात तर स्टिकर. स्टिकर नाही तर चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत काठावरून बघायची. आम्ही बॅलन्स बार मागच्या बाजूला फिरवला. मग पुढची चाकं उशिरा अडकायला लागली. मागच्या टायरमध्ये हवा ठासून भरली, म्हणजे पकड कमी होऊन चाक लवकर अडकेल. ही युक्ती सगळ्याच टीम करतात आणि सगळ्याच नाकारतात. दुसऱ्या फेरीत मागे एक फिकट, पुसटशी रेघ आली. परीक्षक म्हणाले, “चार म्हणजे चार.”

त्या रात्री पिटमध्ये बसून आमच्या कॅप्टनने सगळ्यांचं मन रमवायला फॉर्म्युला वनचे किस्से काढले. ते किस्से आजही मला ब्रेकच्या चुगलीचे म्हणूनच आठवतात.

पहिला 1982 चा. ब्रॅभम आणि विल्यम्स या इंग्लिश टीमनी ब्राझीलच्या शर्यतीत गाडीवर पाण्याच्या टाक्या बसवल्या. कशाला? म्हणे ब्रेक थंड करायला. शर्यत सुरू झाली की ते पाणी पहिल्या काही फेऱ्यांतच सांडून जायचं आणि गाडी 580 किलोच्या किमान वजनापेक्षा हलकी पळायची. शेवटी वजनाआधी टाकी परत भरायची, कारण थंड ठेवणारे द्रव भरायला नियमात मुभा होती. ब्रॅभमचा पिके पहिला, विल्यम्सचा रोसबर्ग दुसरा आला. फेरारी आणि रेनोने तक्रार केली, दोघेही बाद झाले आणि तिसऱ्या आलेल्या प्रॉस्टला विजय मिळाला. चिडलेल्या इंग्लिश टीमपैकी बहुतेकांनी पुढे इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार घातला. भांडण वजनाचं, नाव ब्रेकचं.

दुसरा 1997 चा. डॅरन हीथ नावाचा फोटोग्राफर ऑस्ट्रियात वळणाच्या बाहेर उभा होता. मॅक्लारेन वळणातून बाहेर पडताना वेग घेतेय, तरी तिची मागची डिस्क लाल. वेग वाढवताना ब्रेक कोण दाबतं? पुढे न्युरबुर्गरिंगला मॅक्लारेन बंद पडून रस्त्याकडेला उभी राहिली, तेव्हा त्याने कॉकपिटमध्ये कॅमेरा खुपसून फोटो काढला. आत ब्रेकचं एक जास्तीचं पॅडल! एकाच बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावायचा, गाडी आपोआप वळणात शिरते. मॅक्लारेनच्या इंजिनिअरांनी हे साध्यासुध्या पार्ट्सनी केलं होतं. फोटो छापून आला, आणि 1998 मध्ये ब्राझीलला फेरारीच्या तक्रारीवरून त्यावर बंदी आली. लाखो पाउंडांची गुप्तता, आणि डिस्कने एका क्षणात सगळं सांगून टाकलं.

“आपली डिस्क काय सांगतेय?” कॅप्टनने विचारलं. आमची मागची डिस्क काहीच सांगत नव्हती. गार होती. तेच तर दुखणं होतं.

मी चाचांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा. पॅडल पहिल्यांदा खाली जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं, एवढंच सांगितलं.

“एअर काहाडली का?”

“चारदा काढली, चाचा.”

“निप्पल कुठं हाये?”

“कॅलिपरला.”

“अबे, वरतं का खालतं?”

मी बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो. डावीकडे वर. उजवीकडे खाली.

मागचे दोन्ही कॅलिपर एकाच मॉडेलच्या मोटरसायकलचे होते. मोटरसायकलला कॅलिपर एकाच बाजूला असतो. आम्ही तोच उजवीकडे बसवताना चेनच्या आड येतो म्हणून उलटा फिरवला होता. एअर काढायचा निपल त्यामुळे तळाशी गेला. हवा वर चढते, निपल खाली. चारदा काय, चाळीसदा काढली असती तरी बुडबुडा आत आरामात बसून राहिला असता. आणि मागची दोन्ही चाकं एकाच पाइपवर, म्हणून एका कॅलिपरच्या हवेने दोघांचाही जोर खाल्ला. पुण्याच्या पोराला दिसलेल्या दोन रेषांचा अर्थ तो होता.

“आता काय करू?”

“उघड. हातात धर. निप्पल वरतं कर. पॅडच्या मधी पट्टी घाल, नायतर पिस्टन बाहेर येऊन पडन. एअर काहाड, मंग जसा होता तसा लाव. झोप आता.”

पट्टी! डिस्कच्या जाडीची लोखंडी पट्टी. मध्यरात्री पिटमध्ये ती आमच्याकडे नव्हती. असणार होती ती शेजारच्या पुण्याच्या टीमकडे, कारण त्यांच्या पेटीत सगळंच होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. संध्याकाळी आमच्यातल्या एकाने पुणेकरांच्या गाडीजवळून फेरी मारली होती. त्यांची पुढची डावी डिस्क निळसर झाली होती. पोलाद तापून निळं पडायला तीनशे अंशांच्या आसपास जावं लागतं. बाकीच्या तीन डिस्क पांढऱ्या, एकच निळी, म्हणजे कॅलिपर चिकटतोय, ब्रेक सुटत नाहीये. चार तासांच्या शर्यतीत ते चाक त्यांना मागे खेचणार होतं. आमच्या कॅप्टनचं स्पष्ट म्हणणं होतं, “कायले सांगायचं? सकाळी सांगाल, आन् दुपारी ते आपल्यावरून जातीन.” आणि सगळ्यांना पटलं होतं. मलाही.

पट्टी मागायला मीच गेलो. उकिडवा बसणारा तोच पोरगा जागा होता. मी पट्टी मागितली तेव्हा त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. पेटीच्या तळातून एक तुकडा काढला, कडा घासलेल्या, कागदात गुंडाळलेला. “निपल खाली गेलाय ना?” तो म्हणाला. “गेल्या वर्षी आमचापण गेला होता. दोन दिवस कळलं नव्हतं. स्टिकर मिळालंच नाही.”

मी पट्टी घेतली आणि चार पावलं चाललो. मग परत फिरलो आणि म्हणालो, “तुमचा पुढचा डावा बघ. निळा पडलाय.”

त्याने बॅटरी मारली. स्लाइड पिन कोरड्या पडल्या होत्या, त्यात चिखल वाळून घट्ट झाला होता. तो तिकडे पिना घासत होता, आम्ही इकडे कॅलिपर हातात धरून एअर काढत होतो. दोन्हीकडे एकच आवाज, “दाब... धर... सोड.” पहिल्यांदा आमच्या निपलमधून एवढा मोठा बुडबुडा आला की सगळे हसायला लागले.

सकाळी तिसऱ्या फेरीत चार रेषा. सरळ, एकसारख्या. तो पोरगा दोरीपलीकडे होता. काही बोलला नाही, चार बोटं दाखवली.

एन्ड्युरन्स दोघांनीही पूर्ण केली. ते आमच्या पुढे आले. आमचा कॅप्टन आज दोन मुलांचा बाप आहे, पण दर भेटीत चहाचा पहिला घोट घेतला की सुरू होतो, “त्या रात्री तू तोंड बंद ठेवलं असतं तर...” मी ऐकून घेतो. त्याचा हिशोब चुकीचा नाही.

पट्टी मात्र परत करायची राहिली. शर्यतीनंतरच्या धांदलीत ती आमच्या टेम्पोत आली आणि पुसदला पोचली. मागच्या दिवाळीत गॅरेजात गेलो, तर चाचा एका बुलेटचा कॅलिपर हातात धरून बसले होते, निपल वर करून. पॅडच्या मध्ये तीच पट्टी, कडा आता अजून गुळगुळीत झालेल्या.

“पुन्याची हाये,” चाचा समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होते. “चांगल्या लोखंडाची.”