कोश कोणासाठी केलेला असतो?

१९९१ साली सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो. नववीला निबंध घातला होता, 'माझी आजी'. एका मुलीने लिहिले, 'माय ग्रँडमदर वॉज व्हेरी ॲमोरस.' मी ते वाक्य भर वर्गात मोठ्याने वाचले आणि हसलो. मुलांना त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नव्हते, पण सर हसले म्हणून तीही हसली. मुलगी खाली मान घालून बसली.

मधल्या सुट्टीत मी तिचा कोश मागून घेतला. खिशात मावेल एवढा इंग्रजी-मराठी शब्दकोश, आणि मागे पुरवणी म्हणून मराठी-इंग्रजी शब्दांची यादी. त्या यादीत 'प्रेमळ' या शब्दासमोर तीन इंग्रजी शब्द होते : लव्हिंग, ॲफेक्शनेट, ॲमोरस. पहिला वर्गात सगळ्यांना येत होता, दुसऱ्याचे स्पेलिंग लांबलचक होते, म्हणून तिने तिसरा उचलला. नवा शब्द वापरला तर सर खूश होतील, हाही हिशेब त्यात असणार. तिसरा शब्द शृंगाराच्या प्रांतातला आहे, आजीच्या मायेशी त्याचा संबंध नाही, हे कोशाने तिला कुठेही सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम माझे होते आणि मी हसत होतो. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने निबंधात पाठ्यपुस्तकाबाहेरचा एकही शब्द वापरला नाही.

शालेय इंग्रजीसाठी कोणते संदर्भग्रंथ घ्यावेत, हा प्रश्न पालक मला आजही विचारतात. त्याचे उत्तर शोधताना मी दरवेळी त्या छोट्या कोशापाशी येतो. तो कोश चुकीचा नव्हता. तो वेगळ्या कामासाठी केलेला होता.

आपल्याकडच्या कोशांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर गंमत वाटते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. मराठीच्या अभ्यासकाला तो आजही हाताशी लागतो. पण तो केला होता मराठी समजून घेऊ पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यासाठी. साहेबाला मराठी शब्द अडला तर त्याने तो पाहावा आणि स्वतःच्या भाषेत उकल वाचावी, अशी त्याची रचना. एकेका मराठी शब्दाखाली इंग्रजी प्रतिशब्दांची रांग असते ती यासाठी. त्या रांगेतला कोणता शब्द कुठे शोभतो हे साहेबाला सांगावे लागत नव्हते. ती त्याची मातृभाषा होती. मोल्सवर्थने जमवलेल्या सामग्रीवर उभा असलेला, कँडीने १८४७ साली पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश उलट दिशेचा खरा, पण तोही इंग्रजी उत्तम येणाऱ्या माणसाला मराठी शब्द पुरवण्यासाठीच अधिक उपयोगाचा. मराठी मुलाला इंग्रजी वाक्य कसे करावे हे या दोहोंपैकी एकही सांगत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या कोशातली मागची यादी ही त्याच वंशावळीतली होती. साहेबाच्या सोयीची रचना दीडशे वर्षांनी सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीच्या दप्तरात येऊन पडली होती.

मराठी मुलासाठी म्हणून जे पुस्तक खरोखर केले गेले, ते म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी नियम, मग शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करण्याची वाक्ये. आज तिची चेष्टा करणे सोपे आहे. त्या पुस्तकाने शिकलेली माणसे बोलताना अडखळत, हे मी घरात पाहिले आहे. माझे वडील त्यांपैकीच. पण मराठी वाक्य इंग्रजीत नेताना कुठे मोडते, हे त्या पुस्तकाला ठाऊक होते, आणि हे ठाऊक असणारी पुस्तके पुढे फार झाली नाहीत.

परभाषक विद्यार्थ्यासाठी इंग्रजीतच लिहिलेला कोश ही कल्पना मात्र विसाव्या शतकातली, आणि तिचा जन्म इंग्लंडात झाला नाही. मायकेल वेस्ट हा ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुले इंग्रजी वाचताना कुठे अडतात याचा त्याने अभ्यास केला आणि पुढे १९३५ साली एक कोश काढला. त्यात सुमारे चोवीस हजार नोंदी होत्या, आणि त्या सगळ्यांचे अर्थ केवळ १४९० शब्दांत सांगितले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दात द्यायचा नाही, ही साधी गोष्ट तोवर कोशकारांनी मनावर घेतलेली नव्हती. दुसरा माणूस ए. एस. हॉर्नबी. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ माहीत असतो, पण वाक्यात तो बसवता येत नाही, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओळखले. त्यांचा कोश १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ साली पुन्हा काढला. आज आपण ज्याला 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणतो तो हाच. बंगाली आणि जपानी मुलांच्या चुकांमधून उभे राहिलेले हे कोश आहेत. मराठी मुलाच्या चुका त्यांच्याहून फार निराळ्या नसतात.

त्या चुकांकडे जरा बारकाईने पाहू, कारण कोणता कोश घ्यायचा हे त्यांवरूनच ठरते. आपण म्हणतो, 'त्याने तिच्याशी लग्न केले.' या 'शी'चे बोट धरून मूल लिहिते, 'ही मॅरीड विथ हर.' इंग्रजीत 'मॅरी'ला थेट कर्म लागते, मध्ये काही नको. 'आम्ही या विषयावर चर्चा केली' यातल्या 'वर'मुळे 'डिस्कस्ड ऑन' येते. तिथेही काही नको. 'स्टेशनवर पोहोचलो' म्हणून 'रीच्ड ॲट'. 'त्याने मला एक उपाय सुचवला' म्हणून 'ही सजेस्टेड मी'. आणि इथे उलट 'टू' हवे असते. नामांचेही तसेच. 'माहिती'चे मराठीतही अनेकवचन होत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन' जपून चालणारे मूल सापडते. पण आपण 'सल्ले' देतो, म्हणून 'ॲडव्हायसेस' हमखास येतात. 'तिच्याशी', 'विषयावर', 'सल्ले' ही सगळी मराठी शुद्ध आहेत. मुलाने शब्दाचा अर्थही बरोबर ओळखलेला आहे. फक्त 'मॅरी म्हणजे लग्न करणे' एवढेच सांगणारा कोश त्याला इथे काही मदत करू शकत नाही, मग तो कितीही जाडजूड असो.

हॉर्नबीच्या कोशात ही मदत होती. प्रत्येक क्रियापद कोणत्या रचनेत चालते ते तो सांगे. १९७४च्या आवृत्तीत त्यासाठी 'व्ही. पी.' ही अक्षरे आणि पुढे आकडा अशा खुणा होत्या. नाम गणनीय की अगणनीय हे 'सी' आणि 'यू' या अक्षरांनी कळे. ई. एल. बी. एस. योजनेतल्या स्वस्त आवृत्तीमुळे तो आपल्याकडच्या शाळांतही पोहोचला. आमच्या शाळेत त्याच्या तीन प्रती होत्या. तिन्ही मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात, कुलपात. आणि खरे सांगायचे तर त्या 'व्ही. पी.'चा अर्थ मला स्वतःला नोकरीच्या सातव्या वर्षी कळला. कोशाच्या सुरुवातीची पाने वाचायची असतात हे मला कोणी शिकवले नव्हते, बी. एड.लाही नाही. नव्या आवृत्त्यांनी ते आकडे काढून टाकून रचना सरळ लिहून दाखवायला सुरुवात केली, हे बरे झाले. १९८७ साली आलेल्या 'कोबिल्ड' कोशाने तर अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. शब्दाची व्याख्या वाचता वाचताच तो वाक्यात कसा बसतो ते दिसते.

व्याकरणाच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. रेन आणि मार्टिन घरोघर असते. त्यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला अधिकारी. फ्रेंच परदेशी फौजेवरच्या 'ब्यू जेस्ट' या कादंबरीमुळे तो जगभर गाजला, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पुस्तक भरीव आहे, पण मुले ते पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि नामाचे प्रकार पाठ करून थकतात. ते अडेल तेव्हा उघडायचे पुस्तक आहे. अनुक्रमणिकेतून हवे ते पान काढायचे, वाचायचे, मिटायचे. स्वतः बसून शिकायचे असेल तर रेमंड मर्फीचे पुस्तक अधिक बरे. डाव्या पानावर समजावणे, उजव्या पानावर त्याचाच सराव. मायकेल स्वानचे पुस्तक शिक्षकाच्या टेबलावर असावे. शाळकरी मुलाला ते जड जाते. समानार्थी शब्दांचा कोश मी दहावीपर्यंत मुलांच्या हाती देत नाही. 'ॲमोरस'चा कारखाना तो.

गाईडबद्दल बोलायलाच हवे, कारण आपल्याकडे दुकानात 'इंग्रजीचं रेफरन्स बुक द्या' म्हटले की दुकानदार गाईडच पुढे करतो. गाईड वाईट म्हणून मी कधी जप्त केले नाही. ज्या घरात इंग्रजीचा धडा समजावून सांगणारे कोणी नाही, तिथे त्यातला मराठी अनुवाद हाच मुलाचा शिक्षक असतो. अडचण एवढीच की गाईडमध्ये प्रश्नाच्या आधीच उत्तर दिसते. शोधण्याची वेळच येत नाही, आणि संदर्भग्रंथ तर शोधण्यासाठीच असतात.

मोबाइलने आता कपाटाचे कुलूप काढले आहे. पण मुले पडद्यावरचा पहिला मराठी प्रतिशब्द पाहतात आणि फोन मिटतात. म्हणजे पुन्हा तेच. मागे एका मुलाने 'लुक आफ्टर'चे 'नंतर पाहणे' केले होते. दोन्ही शब्द त्याने स्वतंत्रपणे शोधले होते आणि दोन्हींचे अर्थ बरोबर होते.

म्हणून कोणी विचारले तर मी सांगतो : दोन कोश ठेवा. वाचताना अडले तर इंग्रजी-मराठी, लिहिताना विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी. मराठीतून इंग्रजी शब्द शोधलाच, तर तो दुसऱ्या कोशात पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका, आणि पाहताना अर्थाच्या आधी उदाहरणाचे वाक्य वाचा. पाचवी-सहावीच्या मुलाला इंग्रजी-इंग्रजी कोश लादू नये. आठवीपासून सुरुवात पुरे. आणि खरेदीला जाताना तीन शब्द लिहून न्यावेत : मॅरी, सजेस्ट, ॲडव्हाइस. ज्या कोशात या तिघांचीही वाक्ये आहेत तो घ्यावा. जाडी, शब्दसंख्या, वेष्टनावरचा मजकूर यांकडे पाहू नये.

निवृत्तीनंतर मी पुण्यात आलो. गेल्या जूनमध्ये 'ती' मुलगी मला अप्पा बळवंत चौकात भेटायला आली. सोबत तिची आठवीतली लेक. फोनवर तिने एवढेच म्हटले होते, 'सर, डिक्शनरी घ्यायची आहे, तुम्ही दाखवाल का?' दुकानात शाळा उघडण्याच्या दिवसांतली गर्दी होती. कोश काउंटरवर आले तसे तिने एक उचलला, ए अक्षराची पाने काढली आणि हसून म्हणाली, 'सर, तो शब्द मला अजून पाठ आहे.' मी तिची माफी मागितली. एवढ्या वर्षांनी, त्या गर्दीत, जरा ओरडूनच मागावी लागली. 'अहो सर, राहू द्या,' ती म्हणाली. पण पान तिने लगेच मिटले नाही. त्या शब्दाखालचे उदाहरणाचे वाक्य ती पूर्ण वाचत होती.

लेक तोवर एम अक्षरापर्यंत पोहोचली होती. 'आजोबा, यात विथ दिलेलंच नाहीये,' तिने मला बोट ठेवून दाखवले. तोच कोश आम्ही बांधायला सांगितला.