एक अँटिव्हायरस पुरे

संकेश्वरात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. हुक्केरी, निडसोशी, गडहिंग्लज, सगळीकडून मशीनं येतात. घरगुती मशीन असेल तर गाऱ्हाणं बहुतेक ठरलेलं: "मॅडम, लई हँग मारायलंय. अँटिव्हायरस काढून टाका की ओ, त्योच सगळी मेमरी खायलाय." कुणा भाच्यानं टास्क मॅनेजर उघडून दाखवलेला असतो, यादीत अँटिव्हायरस वर दिसलेला असतो आणि घरात निकाल लागलेला असतो.

एका निवृत्त गुरुजींचा डेस्कटॉप असाच आला. विंडोज १०, रॅम ४ जीबी. नुसतं चालू केलं तरी मेमरी जवळजवळ भरलेली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'मेमरी' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. गुरुजींच्या यादीत तीन नावं शोभत नव्हती. एक मुलानं पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस. दुसरा मशीनबरोबर फुकट आलेला, मुदत कधीच संपलेला. तिसरं, 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणत कुठून तरी शिरलेलं सॉफ्टवेअर. "सर, यातला कुठला काढू?" विचारलं, तर म्हणाले, "अगं, मला एकच ठाऊक आहे."

आता अँटिव्हायरस हा गडी मेमरीत एवढी जागा अडवतो कशाला? तुम्ही फाइल उघडली की ती तुमच्यासमोर येण्याआधी त्याच्या हातून जाते. ओळखीच्या व्हायरसांच्या खुणा त्याला हाताशी लागतात. दर वेळी डिस्कवरून वाचत बसला तर फोटो उघडायलाही वेळ लागेल, म्हणून त्यातल्या बऱ्याच तो मेमरीतच ठेवतो. झिप फाइल आली तर ती उलगडून आत डोकावतो, तेही मेमरीतच. शिवाय चालू असलेले प्रोग्रॅम काही भलतं करत नाहीत ना, यावरही नजर.

ही भूक किती वाढली ते कळायला थोडं मागं जाऊ. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९०च्या दशकात त्यातूनच क्विक हील उभं राहिलं. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडते. त्या काळी अँटिव्हायरस १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून यायचा आणि विंडोज ९५ला किमान ४ एमबी रॅम पुरायची. आज विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपट. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक फाइलींची नोंद करते. तेव्हा आजच्या अँटिव्हायरसनं दीडशे-अडीचशे एमबी घेतली तर त्याला खादाड म्हणू नये. स्कॅन चालू असताना त्याहून जास्त घेईल, स्कॅन संपल्यावर खाली येईल. बसल्या जागी विंडोजच दीड-दोन जीबी घेतं, वर ब्राउझर. गुरुजींच्या मशीनवर सकाळच्या पेपरांची पानं उघडी असत; ती एकटीच अँटिव्हायरसच्या कितीतरी पट खात होती. पण ब्राउझर घरचा वाटतो, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

खरी गडबड एकाच मशीनवरच्या दोन अँटिव्हायरसांची. इथल्या ऊसवाल्यांना मी सांगते, एकच ट्रॉली दोन काट्यांवर चढवली तर वजन वाढत नाही, रांग वाढते. प्रत्येक फाइल दोघं तपासतात, दोघांच्या खुणा मेमरीत बसतात, कधी एक दुसऱ्याच्याच फाइलींवर संशय घेतो. आणि ही सॉफ्टवेअरं विंडोजच्या पार मुळाशी बसलेली असतात. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली. तिथं एकच कंपनी होती. इतक्या खोलवर दोघांची झोंबाझोंबी कशाला लावायची?

विंडोज एक्सपीच्या दिवसांत अँटिव्हायरस वेगळा आणावाच लागायचा, ती सवय आपल्याकडे टिकून राहिली. २०१२च्या विंडोज ८पासून डिफेंडर हा पुरता अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. टास्क मॅनेजरमध्ये तो 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' अशा लांबलचक नावानं दिसतो. त्याला व्हायरस समजून घाबरलेली माणसंही दुकानात येतात. दुसरा अँटिव्हायरस घातला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, त्यामुळे ती जोडी सहसा भांडत नाही. भांडतात ते बाहेरून आणलेले दोघे. एक काढा. कंट्रोल पॅनेलमधून काढूनही काही शेपट्या राहतात. बहुतेक कंपन्या त्यासाठी आपल्या वेबसाइटवर वेगळं साफ करणारं साधन देतात. ते चालवून मशीन रीस्टार्ट करा.

रीस्टार्ट म्हटलं की लोक सांगतात, "रोज रात्री बंद करतोय की." इथंच गोम आहे. विंडोज १० आणि ११मध्ये 'फास्ट स्टार्टअप' बहुधा चालूच असतो. 'शट डाउन' केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पडद्याआडच्या सेवाही त्यातच असतात आणि अँटिव्हायरस ही तसलीच सेवा. एखाद्या आवृत्तीत दोष असेल, घेतलेली मेमरी ती परत सोडत नसेल, तर कालची थकबाकी आज पुढं चालू. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. निम्मी मशीनं माझ्या दुकानात एवढ्यावरच हलकी होतात. त्याचे मी पैसे घेत नाही, आणि आमच्या घरात ते कुणाला आवडत नाही.

काही घरांत कॉम्प्युटर आठवड्यातून एखादेवेळीच लागतो, लाइट बिल भरायला किंवा पोरांच्या फॉर्मसाठी. राहिलेलं अपडेट आणि चुकलेला स्कॅन नेमके तेव्हाच सुरू होतात. चालू करून चहा घेऊन या, मगच बसा.

एक सल्ला मात्र कुणी दिला तरी घेऊ नका: अमुक फोल्डर तपासणीतून वगळा म्हणजे मशीन पळेल. अशी सूट दिली की काय शिरतं ते पाहा. आमच्या भागात लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये छापाव्या लागतात, म्हणून श्रीलिपी आणि नुडी दोन्ही लागतात. नुडी कन्नड गणक परिषदेचं, सरळ वाटेनं मिळतं. श्रीलिपी विकत घ्यायची असते, तर कुणीतरी पेन ड्राइव्हवर चोरटी प्रत आणून देतो आणि वर सांगतो, "अँटिव्हायरस बंद करून घाल." तसल्या पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. डाउनलोड्स आणि पेन ड्राइव्ह कधीच वगळू नयेत.

एवढं करूनही ४ जीबी अपुरीच पडत असेल, तर दोष मशीनच्या वयाचा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर रॅमच्या किती खाचा रिकाम्या आहेत ते दिसतं. एक रिकामी असेल तर त्याच जातीची पट्टी घाला. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, जोर करू नका. डिस्क फिरणारी असेल तर एसएसडी बसवा, कारण मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कचाच आधार घेतं. गुरुजींच्या मशीनला एक पट्टी लागली. पैसे भरलेला अँटिव्हायरस वर्ष संपेपर्यंत ठेवायचा आणि पुढं डिफेंडरवर भागवायचं, असं ठरलं. मुलाला ते अजून पटलेलं नाही.